गोळी घेणारे आणि न घेणारे

पोलादपूरच्या बापट डॉक्टरांचा एक नियम होता. औषध कंपनीचा प्रतिनिधी दारात दिसला की तपासणीतून मान वर न काढता ते बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवायचे. "मला नको सांगूस. तिकडे सांग. गोळी त्यांना गिळायची आहे. त्यांना समजेल असं सांगता आलं, तर मग आत ये."

बाकावर कोण असायचं? वरच्या वाड्यांतून दूध घालायला उतरलेल्या बायका, लावणीत पाठ धरलेले बाप्ये, हायवेवर गाडी लावून आलेला एखादा ड्रायव्हर, सुट्टीला येताना मुंबईचा खोकला सोबत घेऊन आलेला एखादा चाकरमानी. त्यांच्यापुढे टाय लावून उभं राहायचं आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीवर परदेशात काय संशोधन झालं ते सांगायचं. माझ्या धंद्यातले बहुतेक जण हा नियम ऐकून सॅम्पल कंपाउंडरच्या हातात ठेवत आणि परतीची एसटी धरत. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं थिएटर मिळालं. गणपतीतल्या नाटकांत मी कायम हवालदार. येऊन सलाम ठोकायचा, 'साहेब, चोर पळाला' म्हणायचं आणि आत जायचं. इथे नायक मी, सूत्रधार मी, आणि नंबर लागेपर्यंत प्रेक्षकांना उठून जाता येत नव्हतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डॉक्टरांनी लिहून द्यायच्या औषधाची जाहिरात पेपरात करता येत नाही, म्हणून कंपनी माणूस पाठवते. तो एमआर. महाड, पोलादपूर आणि आजूबाजूची गावं हा माझा इलाका. मोटरसायकलला बॅग, बॅगेत सॅम्पल, पेनं आणि चकचकीत कार्डांचं एक पुस्तक. ही कार्डं डॉक्टरपुढे उलगडायची आणि मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेली वाक्यं म्हणायची. वेळ फार थोडा मिळतो. महाडात एक डॉक्टर हात धुऊन टॉवेलला पुसेपर्यंतच ऐकायचे. मी चार बोटांवर फायदे आणि अंगठ्यावर दुष्परिणाम असं बसवून टाकलं होतं, आणि ते अंगठा पुसत नसत. दुसरे एक डॉक्टर डोळे मिटून, मान डोलवत ऐकायचे. ते झोपतात हे मला फार उशिरा कळलं. पण माझं औषध सगळ्यांत जास्त तेच लिहायचे, त्यामुळे मीही आवाज खाली ठेवूनच बोलत राहिलो.

गोष्ट आहे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. कोलेस्टेरॉलच्या या गोळ्या तेव्हा आमच्या भागात नव्या होत्या. रक्तातला आकडा उतरवणारी औषधं आधीही होती, पण आकडा उतरतो ही एक गोष्ट आणि माणूस वाचतो ही दुसरी. या गोळ्यांचं नवल हे की त्यांनी माणसं वाचतात असे मोठमोठे अभ्यास येऊ लागले होते. आमच्या कार्डांवर त्यांचे आलेख छापलेले असायचे. न घेणाऱ्यांचा उंच लाल खांब आणि घेणाऱ्यांचा बुटका हिरवा.

बाकासमोरचा माझा पहिला प्रयोग असा झाला.

"हजारो माणसं गोळा केली," मी हात पसरून सुरुवात केली. "चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला खरी गोळी. दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नाही अशी. कोणाला कुठली मिळाली हे ना त्या माणसाला ठाऊक, ना देणाऱ्या डॉक्टरला!"

वरंधच्या वरच्या वाडीतली पारूबाई पुढ्यात बसली होती. शेळ्या राखणारी, काटक, गुडघा दाखवायला आलेली. "म्हंजे त्या लोकांना फसवलानी," ती म्हणाली.

"नाही हो बाई, आधी सगळं सांगून, त्यांची सही घेऊन."

"सांगून फसवलानी? मोठी हुशार माणसं हायत."

बाक हसलं. मी पुढे रेटलं. काही वर्षं वाट पाहिली, हृदयविकाराचे झटके मोजले, खऱ्या गोळीच्या गटात कमी निघाले.

"आन् खोटी गोळी खाल्लेल्यांचं काय झालं?"

"त्यांतलेही बहुतेक ठणठणीत राहिले."

"खऱ्या गोळीनं काय तरास व्हतो?"

"एखाद्याचं अंग दुखतं. एखाद्याचं पोट बिघडतं."

"आन् खोटीनं?"

"खोटीनं काय होणार!"

"मंग मला ती खोटीच द्या," पारूबाई म्हणाली. बाकाने हा ठराव एकमताने मंजूर केला. शेवटच्या माणसाने तर खोटी गोळी महाडात कुठल्या दुकानात मिळते तेही विचारलं. आत बापट डॉक्टर हसता हसता रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप नुसता धरून बसले होते.

त्यांनी मला आत घेतलं, माझं कार्ड हातात धरलं आणि म्हणाले, "तुझ्या या खांबांचे पाय कुठे गेले?"

मी पाहिलं. आलेख शून्यापासून सुरू होतच नव्हता. खालचा भाग कापून वरचेच तुकडे छापले होते, म्हणून लाल खांब हिरव्याच्या दुप्पट दिसत होता. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर दोन्ही खांब जमिनीपासून काढले. आता लालपेक्षा हिरवा जेमतेम बोटभर बुटका.

"फरक खरा आहे," ते म्हणाले. "खोटं काही छापलेलं नाही. फक्त पाय कापलेत."

मग त्यांनी मला जे शिकवलं ते कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. समजा, शंभर माणसं घेतली. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. गोळी न घेता त्यांतल्या तिघांना झटका येणार होता आणि गोळीने दोघांनाच आला. कार्ड म्हणणार, 'धोका एक तृतीयांशाने घटला!' खरंच आहे. पण तेच दुसऱ्या तोंडाने सांगायचं तर शंभरांनी गोळी घेतली तेव्हा एक वाचला, दोघांना घेऊनही झटका आला, आणि बाकीच्यांना न घेताही काही झालं नसतं. दोन्ही वाक्यं खरी. आम्हाला पहिलंच पाठ करायला दिलं होतं.

"आणि सगळ्यांत आधी विचारायचं," डॉक्टर म्हणाले, "अभ्यास कोणावर केला? ज्यांना एकदा झटका येऊन गेलाय त्यांचा धोकाच मोठा, त्यामुळे त्यांच्यात या गोळीने खूप जण वाचतात. धडधाकट माणसांत धोका मुळात लहान, म्हणून वाचणारेही थोडे. गोळी तीच, माणसं वेगळी."

त्या दिवसापासून माझा प्रयोग बदलला. मी खांबांना पाय जोडूनच सांगू लागलो. माझ्या मॅनेजरसाहेबांना ही बातमी लागली तेव्हा ते मुंबईहून खास माझ्यासोबत फिरायला आले. बापट डॉक्टरांनी त्यांनाही बाक दाखवलं. साहेबांनी टाय सारखा केला आणि "मित्रहो, लिपिड प्रोफाइल म्हणजे," असं म्हणेपर्यंत एक म्हातारा उठला आणि त्यांच्यापुढे जीभ काढून उभा राहिला. साहेबांनी ती पाहिलीसुद्धा. परतताना ते म्हणाले, "या डॉक्टरकडे तूच येत जा."

आता मुख्य गोष्ट. ती कासमभाईंची आहे.

महाड आणि पोलादपूरच्या मधल्या एका गावात दोन भाऊ राहायचे. थोरले युसूफभाई, ज्यांना सगळे भाईजान म्हणत. त्यांचं महाडच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान. धाकटे कासमभाई, बरीच वर्षं गल्फमध्ये ट्रक चालवून परत आलेले आणि आता स्वतःच्या गाड्या लावणारे. कासमभाईंना तिकडेच हृदयविकाराचा झटका आला होता आणि तिकडच्याच डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली होती. इथे आल्यावर बापट डॉक्टरांनी ती माझ्या कंपनीची करून दिली. पुढे भाईजानलाही झटका आला. त्यांना मुंबईला हलवलं, ते बरे होऊन आले, आणि त्यांनाही गोळी लागली, दुसऱ्या कंपनीची.

एकदा मी बाकापुढे एक नवा अभ्यास मांडत होतो. ज्यांना कधीही झटका आलेला नाही अशा माणसांवरचा. पाय जोडलेले खांब, शंभर माणसं, सगळं सांगितलं. धडधाकट माणसाला फायदा आहे पण लहान आहे, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवा, असं म्हणून मी कमरेत वाकलो. बाकाच्या टोकाला कासमभाई बसले होते. ते पान थुंकून आले आणि नंबर न लावताच निघून गेले. मला वाटलं, प्रयोग रंगला नाही.

पुढच्या फेरीला डॉक्टरांनी मला बाकावर धाडलंच नाही. "आत ये. तुझ्या एका प्रेक्षकाने गोळी सोडलीय."

आत दोघे भाऊ बसले होते. भाईजान धाकट्याला मनगट धरून घेऊन आले होते. "सांग डॉक्टरसाबना, काय केलंस ते."

"काय केलं? गोळी बंद केली," कासमभाई म्हणाले. "हे एमआर साहेब स्वतः सांगतात, शंभरात एकाचा फायदा. माझ्या पायात रोज गोळे येतात ते कुणाच्या फायद्यासाठी?"

"कासम, ती गोष्ट तुझी नव्हतीच," डॉक्टर म्हणाले. "ती झटका न आलेल्या माणसांची होती. तुला येऊन गेलाय."

"आला तेव्हा आला. आता मी ठणठणीत हाय. वरंधा घाट चढतो गाडी घेऊन."

मला चेव आला. "कासमभाई, घाट उतरताना ज्या ट्रकचा ब्रेक एकदा निकामी झालाय..."

"साहेब," ते म्हणाले, "मी ट्रक नाय. आन् ट्रकचं मला सांगू नका. ट्रक मला कळतो, तुम्हाला कळत नाय."

आमच्या धंद्यात उपमा ही शेवटची गोळी असते, आणि ती वाया गेली होती. मला भीती वाटली ती मात्र खरीच. हा माणूस गोळीविना रोज घाट चढणार होता, आणि त्याला कारण माझं बोलणं होतं, ज्यात एकही चूक नव्हती.

कासमभाई खुर्चीत पुढे सरकले. "मी बघतो ना स्वतः. भाईजानला झटका आला, मला पण आला. एका आईची पोरं, एका घरातलं जेवण. भाईजान गोळी घेईल. मी नाय घेणार. बघू पयला कोण जातो. गोऱ्या लोकांची ट्रायल कशाला पायजे? घरचीच करू."

"अरे वा," भाईजान म्हणाले. "आणि माझी सही कुठं घेतलीस?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. कर. समज, तू आधी गेलास. काय सिद्ध झालं?"

"गोळी चांगली हाय."

"नाही. काही सिद्ध झालं नाही."

"मग भाईजान आधी गेला तर? गोळी वाईट?"

"तरीही काही नाही. दोन माणसांत कोणीतरी एक आधी जातोच. त्याला गोळी लागत नाही. विडीने जाईल, वयाने जाईल, रस्ता ओलांडताना जाईल. उगाच का हजारो माणसं घेतात?"

कासमभाई विचारात पडले. "म्हंजे मी मेलो तर त्याचा कायच उपयोग नाय?"

"संशोधनाला? काडीचा नाही."

"कोण मोजणार पण नाय?"

"कशाला मोजेल?"

त्या माणसाचा झालेला अपमान मी कधी विसरणार नाही. मरायची त्याची तयारी होती, निदान तसं बोलण्याची तरी होती. पण आपलं मरण कोणी हिशेबात धरणार नाही हे काही केल्या त्याला पटेना. त्याने भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या माझ्या कंपनीच्या कॅलेंडरकडेही पाहिलं.

"मग मी फुकट कशाला मरू?" तो म्हणाला. "लिहा गोळी."

भाईजानने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. हसू आल्यामुळे की कशामुळे, सांगता येत नाही.

डॉक्टरांनी कासमभाईंच्या पायांची तक्रार मात्र हसण्यावारी नेली नाही. रक्त तपासलं, डोस कमी करून पाहिला, आणि गोळे तरीही थांबेनात तेव्हा गोळी बदलून भाईजानची होती तीच दिली. गोळे थांबले. थोडक्यात, आमच्या त्या सगळ्या नाट्याचा शेवट असा की कासमभाई गोळीवर परत आले आणि माझं औषध त्यांच्या चिठ्ठीवरून गेलं. मॅनेजरसाहेबांना हे मी कळवलं नाही. कळवून समजलं नसतं.

त्यानंतर रस्त्यात कुठेही भेट झाली की कासमभाई गाडी थांबवायचे आणि खिडकीतून ओरडायचे, "एमआर साहेब, मी वाचलेल्यातला का हो?"

मी सांगायचो, कासमभाई, ते कोणालाच कळत नाही. गोळी घेणाऱ्यांत झटके कमी येतात एवढं कळतं. टळला तो नेमका कोणाचा, ते दिसत नाही. तुम्हाला गोळीशिवायही काही झालं नसतं, असंही असेल.

"दिसत नाय ते विकता तुम्ही," ते म्हणायचे. "आमच्या ट्रकात माल भरला की दिसतो तरी."

हे बोलणं मला लागायचं. आमच्या अख्ख्या धंद्यात आपण विकलेल्या गोळीने हा अमुक माणूस वाचला असं बोट दाखवून सांगता आलेलं मला एकही माणूस मिळालेला नाही. ज्यांना गोळी लागू पडली नाही ते दिसतात, ज्यांना त्रास झाला ते तर दारापर्यंत येतात. वाचलेला मात्र बाजारातून मासळी घेऊन घरी जात असतो आणि त्यालाही ते ठाऊक नसतं.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती. एका सकाळी बापट डॉक्टरांच्या दवाखान्यात कळलं, भाईजान गेले. दुकान उघडायला निघाले होते, ओट्यावरच बसले ते उठले नाहीत. गोळी चालू होती. त्यांनी एक दिवसही चुकवली नव्हती, हे डॉक्टरांनी मी न विचारता सांगितलं. मग म्हणाले, "कासमकडे जाऊन ये. मी जाऊन आलो. माझ्याशी तो बोलला नाही."

बॅग मी मोटरसायकलवरच ठेवली आणि टाय काढून खिशात घातला. पडवीत माणसं येत-जात होती. कासमभाई खाटेवर बसले होते. त्यांची बायको जुबेदाभाभी दारात उभी होती. मला ओळखून ती म्हणाली, "आलात? आता काय सांगणार? त्यांनी रोज घेतली. रोज. मी ह्यांना सांगितलंय, फेकून द्या ती गोळी."

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. दोन माणसांत काही सिद्ध होत नाही, वगैरे. ते मी उच्चारलं नाही. ज्या घरातून नुकताच माणूस गेलाय तिथे खरं वाक्यही जड होतं. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो.

कासमभाईंनीच विचारलं, "तुमच्या त्या कार्डात गोळी घेऊन पण गेलेले होते ना?"

"होते."

"लय होते?"

"न घेणाऱ्यांपेक्षा कमी. पण होते."

"त्यांना भाऊ असतील."

"असतील ना."

"एखाद्याचा भाऊ पण तीच गोळी घेत असंल." ते माझ्याकडे पाहत होते. "त्या भावांनी काय केलानी? सोडलानी, का चालू ठेवलानी?"

इतकी वर्षं मी ती कार्डं उलगडली होती. खांबांचे पाय कुठे कापलेत ते मला कळायचं, कुठला आकडा वर छापलाय आणि कुठला खाली बारीक टाइपात, तेही कळायचं. बोलायला तर मी कधी हटलो नव्हतो.

"माहीत नाही, कासमभाई," मी म्हणालो. "ते कोणी विचारलेलंच नाही."

त्यांनी मान हलवली. माझं एखादं उत्तर त्यांना पूर्ण पटल्याचं मी तेव्हाच पाहिलं. पडवीतली माणसं पांगली. उन्हं खाटेच्या पायाशी आली.

"जुबेदा," त्यांनी आवाज दिला, "पाणी आण गो."

भाभी पाणी घेऊन आली, पण तांब्या तिने त्यांच्या हातात दिला नाही, खाली ठेवला. कासमभाईंनी उशीखालून गोळ्यांची एक पट्टी काढली. कडेने थोडी चुरगळलेली, अर्धी संपलेली. त्यांची स्वतःची अख्खी पट्टी शेजारी फळीवर दिसत होती.

"ही भाईजानची," ते म्हणाले. "त्याची राहिलीत. पयली ती संपवतो."

आणि त्यांनी एक गोळी काढून तोंडात टाकली.